लखनौची पाहणी आणि नगररचनेचे शिक्षण

महाराष्ट्राला लखनौ शहर परिचयाचे झाले ते मुख्यतः दोन थोर पुरुषांमुळे. १९१६ च्या डिसेंबरात लोकमान्य टिळक काँग्रेसच्या अधिवेशनासाठी तेथे गेले आणि हिंदु-मुसलमानांमधील जो करार त्या अधिवेशनात मान्य झाला तो लखनौच्याच नावाने इतिहासात नोंदला गेला. पुढे दहा वर्षांनी, १९२६ साली, पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने तेथे मॅरिस संगीत महाविद्यालय उभे राहिले आणि संगीताचे शिक्षण घराण्याच्या उंबऱ्याबाहेर येऊन शाळेच्या वर्गात पोहोचले. ज्या वर्षी लोकमान्य लखनौला गेले, त्याच वर्षी त्या शहराविषयी एक अहवाल प्रसिद्ध झाला. तो लिहिणाऱ्याचे नाव मात्र आज फारच थोड्यांना आठवते. पॅट्रिक गेडीस हे ते नाव. जन्माने स्कॉट, शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ आणि व्यवसायाने वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक असलेल्या या गृहस्थाने लखनौच्या नगररचनेवर १९१६ मध्ये एक आणि १९१७ मध्ये दुसरा असे दोन अहवाल लिहिले. वरवर पाहता ते सरकारी कामाचे कागद होते. परंतु त्यांच्या मुळाशी एक मोठा शैक्षणिक प्रश्न होता: ज्याच्या हाती उद्या शहराचा नकाशा द्यावयाचा, त्याला आज काय शिकवावे, आणि कोठे शिकवावे?

हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली रेघ ही कोणाच्या तरी ओसरीवरून जाते. लखनौने हे १८५७ नंतर पुरेपूर अनुभवले होते. बंड मोडल्यावर कर्नल रॉबर्ट नेपियर याच्या योजनेनुसार त्या शहराच्या दाट वस्तीतून रुंद व सरळ रस्ते काढण्यात आले. सैन्याची हालचाल सुकर व्हावी आणि गल्लीबोळांच्या आश्रयाने पुन्हा उठाव होऊ नये हा त्यामागील हेतू होता, आणि त्यापायी शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. महाराष्ट्राचा अनुभवही फार निराळा नव्हता. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या निमित्ताने घरोघर जी झडती झाली, तिची कटु आठवण कित्येक पिढ्या पुसली गेली नाही. मुंबईत १८९६ च्या साथीनंतर, १८९८ साली, शहर-सुधारणेचे मंडळ स्थापन झाले. दाटीवाटीच्या वस्त्या पाडून त्या मंडळाने सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट यांसारखे प्रशस्त मार्ग काढले. रस्ते चांगले झाले, पण घरे गेलेली गरीब माणसे शेजारच्या चाळीत जाऊन तेथील गर्दी वाढवू लागली. या सर्व योजना आखणारे लोक अडाणी नव्हते. ते आपापल्या विद्येत निष्णात होते. त्यांना रस्ता आखता येत होता, गटाराचा उतार काढता येत होता, पाडापाडीचा खर्च मांडता येत होता. मात्र रस्त्याच्या जागी आधी काय होते, हे विचारण्याचे शिक्षण त्यांना कोणी दिलेले नव्हते.

लखनौसारख्या शहरात तर हे विचारणे अगत्याचे होते. १७७५ मध्ये नबाब असफउद्दौला याने आपली राजधानी फैजाबादहून लखनौला आणली आणि गोमतीच्या काठी एक वैभवशाली नगर वाढू लागले. त्याने बांधलेला बडा इमामबाडा पाहावयास आजही देशोदेशीचे प्रवासी येतात. सुमारे १६० फूट लांब आणि ५० फूट रुंद अशा त्या दालनावरील कमानदार छताला मध्ये एकही खांब नाही, याचे वास्तुशास्त्रज्ञांना कौतुक वाटते. पण इतिहासकाराला त्याहून महत्त्वाची वाटावी अशी गोष्ट निराळी आहे. १७८४ च्या सुमारास त्या प्रांतात दुष्काळ पडला असता हजारो लोकांना काम मिळावे म्हणून ही इमारत हाती घेण्यात आली. तेव्हा ती इमारत समजून घ्यावयाची तर कमानीचे गणित पुरत नाही. त्या वर्षीचा पाऊस, बाजारातील धान्याचा भाव, कारागिरांच्या जाती आणि मोहरमची परंपरा, इतके सारे कळावे लागते. एका इमारतीची ही कथा, तर संपूर्ण शहराची किती गुंतागुंतीची असेल!

गेडीस यांचे म्हणणे नेमके हेच होते. त्यांचा जन्म १८५४ चा. तरुणपणी ते लंडनमध्ये टी. एच. हक्सले या विख्यात शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. मेक्सिकोत संशोधनासाठी गेले असता त्यांच्या डोळ्यांना विकार जडला आणि काही काळ त्यांना अंधाऱ्या खोलीत काढावा लागला. सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास काम करणे पुढे अशक्य झाले, तेव्हा जिवाणूंवरून त्यांची दृष्टी माणसांच्या वसतिस्थानांकडे वळली. वनस्पती जशी आपल्या मातीपासून व हवेपासून वेगळी काढून समजत नाही, तसे शहरही त्याची भूमी, तेथील उद्योग आणि तेथील माणसे यांपासून वेगळे काढून समजत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. स्थळ, व्यवसाय आणि लोक ही त्रयी त्यांनी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ ल प्ले याच्याकडून घेतली आणि आयुष्यभर तिचा विस्तार केला. १८९२ पासून एडिंबरोच्या जुन्या वस्तीतील एका मनोऱ्यात त्यांनी एक विलक्षण पाठशाळा चालविली. विद्यार्थ्याने प्रथम वर गच्चीवर जावयाचे, संपूर्ण शहर, डोंगर व समुद्र एका दृष्टिक्षेपात पाहावयाचे, आणि मग एकेक मजला खाली उतरत नगर, देश, खंड व जग यांचा अभ्यास करावयाचा. भूगोल, इतिहास, अर्थशास्त्र व चित्रकला या विषयांमधल्या भिंती त्या मनोऱ्यात नव्हत्या.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून १९१४ साली गेडीस हिंदुस्थानात आले. नगरांविषयीचे नकाशे, चित्रे आणि आराखडे यांचे एक मोठे प्रदर्शन त्यांनी वर्षानुवर्षे जमविले होते. ते ज्या बोटीने येत होते ती बोट जर्मनांच्या एम्डेन या युद्धनौकेने हिंदी महासागरात बुडविली. दुसरा कोणी असता तर खचून गेला असता. पण विलायतेतील मित्रांनी नवी सामग्री जमवून पाठविली आणि १९१५ च्या आरंभी मद्रासमध्ये प्रदर्शन भरले. त्यानंतर मद्रास व मुंबई इलाख्यांतील कितीतरी गावे त्यांनी पायी हिंडून पाहिली. ठाणे, वांद्रे आणि कुर्ला यांच्याविषयी त्यांनी लिहिले, आणि मग संयुक्त प्रांतातील लखनौचे काम त्यांच्याकडे आले.

त्यांची कामाची रीत पाहून नगरपालिकांचे अधिकारी बुचकळ्यात पडत. हा साठी उलटलेला गृहस्थ भर उन्हात गल्लोगल्ली हिंडतो, विहिरीत डोकावतो, चौथऱ्यावर बसतो, पडक्या भिंतीपाशी थांबतो आणि बरोबरच्या मदतनिसांना नकाशावर खुणा करावयास लावतो, याचा अर्थ त्यांना लागत नसे. त्या खुणांत सारे मर्म होते. कोणते घर सुस्थितीत आहे, कोणते दुरुस्त होण्याजोगे आहे, कोणते पार कोसळलेले आहे, कोठे झाड आहे, कोठे मंदिर, कोठे मशीद, कोठे ओसाड पडलेली मोकळी जागा आहे, हे सर्व त्या नकाशावर येई. मग असे दिसून येई की सरळ रस्त्यासाठी पन्नास चांगली घरे पाडण्याचे काही कारणच नाही. दोन-चार पडकी घरे काढली, ओसाड जागा एकमेकींना जोडल्या, विहिरीभोवती छोटा चौक मोकळा केला, की हवा व उजेड आत येतो आणि वस्ती जागच्या जागी राहते. शिवाय खर्चही पहिल्या योजनेच्या मानाने किरकोळ येतो. कुशल शस्त्रवैद्य रोग्याचा अवयव वाचवून रोग काढतो, तशी ही शहराची शस्त्रक्रिया. पण शस्त्रापूर्वी निदान हवे, आणि निदानासाठी पाहणी हवी, हा क्रम त्यांनी कधी ढळू दिला नाही.

शिकविण्याच्या दृष्टीने या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की येथे शहर हेच पाठ्यपुस्तक होते आणि हातातील प्रत्यक्ष काम हाच धडा होता. मदतनीस मोजमापे घ्यावयास शिकत होता, त्याच वेळी त्याला घरमालकाशी बोलावे लागत होते. गटाराचा विचार करताना बागेचा विचार करावा लागत होता, कारण सांडपाणी नदीत लोटावे की बागेत मुरवावे हा प्रश्न पुढे येत होता. वैद्यक, स्थापत्य, उद्यानविद्या, अर्थकारण आणि लोकाचार ही शास्त्रे कोणत्याही एका मोहल्ल्यात एकत्रच नांदत असतात. ती वेगळी होतात ती विद्यापीठाच्या इमारतीत शिरल्यावर.

या विचाराचे सर्वांत रम्य उदाहरण मात्र लखनौचे नसून होळकरांच्या इंदूरचे आहे. प्लेगने त्रासलेल्या त्या नगरात गेडीस यांनी १९१७ च्या सुमारास काम केले. त्यांच्या चरित्रात असे सांगितले आहे की दिवाळीच्या मिरवणुकीचा मार्ग त्या वर्षी जे रस्ते सर्वांत स्वच्छ असतील त्यांवरून जाईल, असे त्यांनी जाहीर करविले. पेठापेठांत चढाओढ लागली, घरे झाडली गेली, गाड्या भरभरून केरकचरा बाहेर निघाला, आणि अखेरीस रावणाबरोबर प्लेगच्या उंदराचीही प्रतिमा जाळण्यात आली. वीस वर्षांपूर्वी पुण्यात जे हुकमाने साधले नाही, ते येथे उत्सवाने साधले. लोकांची रीत जाणून घेणे हाही नगररचनाकाराच्या शिक्षणाचा भाग आहे, हे याहून चांगले कसे समजावून सांगता येईल?

१९१९ साली मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र यांचे अध्यासन निर्माण केले आणि त्यावर गेडीस यांची नेमणूक झाली. लखनौच्या गल्ल्यांत वापरलेली रीत आता विद्यापीठात येणार होती. त्यांनी आपले प्रदर्शन तेथे मांडले आणि विद्यार्थ्यांना मुंबई शहर अभ्यासावयास लावले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांपैकी एक. मूळचे संस्कृतचे अभ्यासक असलेल्या घुर्ये यांनी नगर या दृष्टीने मुंबईवर निबंध लिहिला, आणि त्या बळावर ते पुढील शिक्षणासाठी विलायतेस गेले. परंतु गेडीस यांचा मुंबईतील संसार सुरळीत चालला नाही. त्यांचे व्याख्यान एका विषयावर सुरू होऊन दहा विषयांत फिरून येई. परीक्षेचा त्यांना तिटकारा होता, आणि विद्यार्थ्यांना तर परीक्षाच द्यावयाची होती. वर्षातील काही महिने ते पॅलेस्टाईनच्या कामात गुंतलेले असत. १९१७ साली मोठा मुलगा युद्धात गेला, त्याच वर्षी पत्नीही गेली, आणि पुढे त्यांचे स्वतःचे शरीरही थकले. १९२४ मध्ये त्यांनी मुंबई सोडली. त्यांच्या जागी घुर्ये आले आणि त्यांनी तो विभाग नावारूपास आणला. त्यांचे लक्ष मात्र मुख्यत्वे जाती, जमाती व संस्कृती यांच्या अभ्यासाकडे वळले. समाजशास्त्र राहिले, नागरिकशास्त्र मागे पडले.

इकडे लखनौमध्येही त्या बीजाला निराळा अंकुर फुटत होता. राधाकमल मुखर्जी यांच्या भारतीय अर्थशास्त्रावरील १९१६ च्या ग्रंथाला गेडीस यांनी प्रस्तावना लिहिली होती. १९२१ साली हेच मुखर्जी नव्याने स्थापन झालेल्या लखनौ विद्यापीठात अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांचे प्राध्यापक म्हणून आले. हे दोन विषय एकाच विभागात नांदावेत ही गोष्टच त्या काळी लक्षणीय होती. प्रदेश, शेती, नदी आणि माणूस यांचा एकत्र विचार करणारे लेखन त्यांनी जन्मभर केले, आणि बलजीत सिंग यांच्यासमवेत लखनौ शहराची जी सामाजिक व आर्थिक पाहणी त्यांनी १९५४ ते १९५६ या काळात केली ती १९६१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. महाराष्ट्रातही असेच काम चालू होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी केलेल्या पुणे शहराच्या पाहणीचा पहिला भाग १९४५ साली आणि दुसरा १९५२ साली निघाला. घुर्ये यांच्या शिष्या इरावती कर्वे यांनी सहकाऱ्यासह फलटण आणि त्याच्या भोवतीचा मुलूख यांचा अभ्यास करून १९६५ मध्ये तो प्रसिद्ध केला. म्हणजे गेडीस यांच्या पाहणीचे व्रत समाजशास्त्रज्ञांनी व अर्थशास्त्रज्ञांनी टाकले नाही.

दुसऱ्या बाजूस वास्तुशिल्पाचे विद्यार्थीही स्वस्थ बसलेले नव्हते. मुंबईच्या जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत क्लॉड बॅटली यांनी १९२३ पासून वीस वर्षे वास्तुविद्येचा विभाग सांभाळला. जुन्या भारतीय इमारतींपाशी जाऊन त्यांची मोजमापे घ्यावीत, त्यांचे रेखाटन करावे, आणि मगच नवे काही योजावे, ही शिस्त त्यांनी शिष्यांना लावली. लखनौच्या कलाशाळेचे १९२५ पासूनचे प्राचार्य असितकुमार हालदार हेही तरुणपणी अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करता करता शिकलेले होते. पाहून व करून शिकण्याची ही परंपरा अशा रीतीने दोन्हीकडे होती.

मग उणे काय होते? उणे एवढेच की या दोन वाटा एकमेकींना मिळत नव्हत्या. ज्यांच्यापाशी लोकांची माहिती होती त्यांच्या हाती नकाशा नव्हता, आणि ज्यांच्या हाती नकाशा होता ते ती माहिती वाचत नव्हते. समाजशास्त्रज्ञाचा ग्रंथ कपाटात राहिला आणि अभियंत्याचा आराखडा रस्त्यावर उतरला. गेडीस यांनी पाहणी आणि योजना या एकाच कामाच्या दोन बाजू मानल्या होत्या. विद्यापीठांनी त्यांचे दोन विभाग केले. शिक्षणातील ही फाळणी जरा दिसेनाशी असते, परंतु तिचे फळ झोपडी हटविली गेलेल्या माणसाला स्पष्ट दिसते.

स्वातंत्र्यानंतर ती सांधण्याचे काही प्रयत्न झाले, आणि त्यांतील एक उत्तर प्रदेशातच झाला. आल्बर्ट मेयर या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाच्या योजनेनुसार १९४८ साली इटावा जिल्ह्यात ग्रामविकासाचे काम सुरू झाले. बियाणे, गुरांचे रोग, आरोग्य आणि साक्षरता अशा निरनिराळ्या खात्यांचे निरनिराळे माणूस पाठविण्याऐवजी, त्या सर्वांची तोंडओळख असलेला एकच कार्यकर्ता गावकऱ्यांच्या सोबत राहील, अशी ती कल्पना होती. १९५२ साली देशभर सुरू झालेल्या सामूहिक विकास योजनेने हा धडा गिरविला. १९४७ साली गेडीस यांच्या हिंदी अहवालांतील निवडक भाग जॅकलिन टिरव्हिट या विदुषीने लंडनहून पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला आणि नव्या पिढीला ते वाचावयास मिळाले. १९५५ साली दिल्लीत नगर व ग्रामरचनेची स्वतंत्र शाळा निघाली, आणि १९५९ मध्ये वास्तुशिल्पाचा विभाग तिला जोडला गेला. १९६२ साली अहमदाबादेस बाळकृष्ण दोशी यांनी वास्तुविद्येची शाळा काढली. जन्माने पुणेकर आणि मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी असलेल्या दोशींनी तेथे विषयाविषयांतील आणि वर्गावर्गांतील दारे शक्य तितकी उघडी ठेवली. पुढे त्याच आवारात नगरनियोजनाचीही शाळा आली. अशा शाळांतून विद्यार्थ्यांच्या तुकड्या एखादे गाव वा मोहल्ला निवडतात, तेथे राहून पाहणी करतात, आणि सर्वांनी मिळून एक योजना तयार करतात. या उपक्रमाला आज नवी नावे मिळाली आहेत. मूळ धडा मात्र ठाणे, इंदूर आणि लखनौ येथे गिरविला गेलेला आहे.

या पद्धतीवर आक्षेप नाहीत असे नाही. तिला वेळ फार लागतो. चार शास्त्रांचे थोडे थोडे शिकताना एकाही शास्त्रात खोल जाता येत नाही, ही भीती रास्त आहे. तुकडीने केलेल्या कामात कोणाचे किती, हे परीक्षकाला ठरविता येत नाही. स्वतः गेडीस यांचे मुंबईतील अपयश हा याचा पुरावाच म्हणता येईल: दृष्टी होती, पण ती वर्षानुवर्षे टिकेल अशी अभ्यासाची घडी त्यांना बसविता आली नाही. या आक्षेपांचे उत्तर असे की अनेक शास्त्रे एकत्र आणावयाची म्हणजे प्रत्येकाने सर्वज्ञ व्हावयाचे, असा अर्थ नव्हे. अभियंत्याने अभियंताच राहावे. मात्र शेजारी बसलेल्या समाजशास्त्रज्ञाला कोणता प्रश्न विचारावयाचा, एवढे त्याला कळले पाहिजे. ते कळते एकाच कामावर दोघांनी मिळून घाम गाळल्याने, एकमेकांची व्याख्याने ऐकल्याने नव्हे. ज्ञानाची खोली शाळेने द्यावी आणि त्याची रुंदी शहराने द्यावी, असे हे श्रमविभाजन आहे.

लखनौतील गोमती नदीकडे पाहिले म्हणजे हा प्रश्न शंभर वर्षांनंतरही संपलेला नाही हे ध्यानात येते. २०१५ पासून तिच्या दोन्ही काठांना काँक्रीटच्या भिंती बांधून मध्ये फिरावयास प्रशस्त जागा करण्यात आली. फिरावयास येणाऱ्यांना ती आवडली. पण नदी म्हणजे केवळ काठ नव्हे, असे जलतज्ज्ञांनी व पर्यावरणाच्या अभ्यासकांनी त्याच वेळी निदर्शनास आणले. नदी म्हणजे जमिनीखालून येणारे पाणी, वरच्या गावांतून येणारे सांडपाणी, पुराचे मैदान, धोबीघाट, भाजीचे मळे आणि अंत्यविधीची जागा. भिंतीची जाडी एका शास्त्राने निघते, पण ती भिंत असावी की नसावी हे ठरविण्यास सर्वांची साक्ष लागते. त्याच नदीच्या पलीकडे, रवींद्रनाथांच्या नावाच्या मार्गावर, वास्तुकला व नियोजन यांचे शिक्षण देणारी विद्याशाखा आहे, आणि थोड्याच अंतरावर जुनी कलाशाळा आहे. तेथील विद्यार्थ्यांना धडा शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. पूल ओलांडून चौकापर्यंत चालत गेले तरी पुरे.

शहरे शिकलेल्या माणसांनीच बिघडविली आहेत आणि ती सुधारावयाची तीही शिकलेल्या माणसांनीच. तेव्हा वाद शिक्षण असावे की नसावे हा नाही. पाडण्याचा अधिकार हाती येण्यापूर्वी पाहण्याची सवय लागते की नाही, हा खरा वाद आहे. लखनौच्या एखाद्या अरुंद गल्लीत विहिरीच्या काठावर उभे राहून नकाशावर एक छोटी खूण करणाऱ्या त्या वृद्ध प्राध्यापकाने आपल्या परीने त्याचे उत्तर १९१६ सालीच दिले होते.